चार गेली, चार आली

आमच्या वास्कोच्या घराला मागच्या बाजूला एक छोटी बाल्कनी आहे. तिथून दाबोळीचा रनवे दिसत नाही, पण विमान उठलं की झाडांच्या शेंड्यांवर आलेलं सगळ्यात आधी तिथूनच दिसतं. आजी सकाळी तिथे पाटावर बसून तांबडी भाजी निवडायची आणि निवडता निवडता मोजायची. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. चार गेली. मग भाजी निवडून झाली, धुऊन झाली, चुलीवर... म्हणजे गॅसवर, पण आजी शेवटपर्यंत चूलच म्हणायची, तर चुलीवर चढली तरी ती मधूनमधून बाल्कनीत येऊन आकाशाकडे बघून जायची. आणि कधीतरी आतून आवाज यायचा, चार आयलीं गो. मग घर पुढच्या कामाला लागायचं.

दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. बाहेरच्या लोकांना दाबोळी म्हणजे टुरिस्ट उतरतात तो एअरपोर्ट वाटतो, पण आमच्या लहानपणी सकाळचे कितीतरी तास हा रनवे पूर्ण नौदलाचा असायचा आणि प्रवासी विमानं दुपारनंतर. त्यामुळे आमची शाळा, अंघोळ, पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, सगळं त्या आवाजात चालायचं. आणि आवाजावरून विमान ओळखणं हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला यायचं. समुद्रावर टेहळणी करणारं आयएल-३८ आलं की चार पंख्यांची जड घरघर, पोटात जाणवणारी. किरण आलं की बारीक शिट्टी. आणि सी हॅरिअर हे लढाऊ विमान आलं की खिडकीच्या काचा. शेल्फावरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून वाजायच्या, आणि आई बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून थांबायची, हॅरिअर गेलं की तिथूनच पुढे चालू.

आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये मी बेंगळुरूला येलहंकाला एरो इंडिया बघायला गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून एअर शो बघितला. आणि तिथे एवढ्या गर्दीत उभी असताना मला सारखं वाटत होतं की मी हे अर्धं आधीच बघितलंय, आणि जे अर्धं बघितलंय ते इथे बसलेल्या कोणालाच दिसत नाहीये. त्याबद्दल सांगायचंय.

एअर शोमध्ये एका टीमचा प्रयोग असतो पंधरा-वीस मिनिटांचा. आम्ही बघितली ती तालीम.

२००३ मध्ये नौदलाने स्वतःची एक कसरत टीम बनवली, सागर पवन. भारतीय नौदलाच्या हवाई शाखेला त्या वर्षी ५० वर्षं झाली होती, ११ मे १९५३ ला कोचीला आयएनएस गरुड सुरू झालं तिथपासून मोजलं तर. चार विमानं, चारही किरण मार्क २, गडद निळ्या नि पांढऱ्या रंगातली. किरण हे एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, ट्रेनर विमान, १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात, गाडीत बसल्यासारखे. दिसायला साधं, थोडं गुबगुबीत. हॅरिअरसमोर ते अगदी गरीब वाटायचं. पण चार किरण एकत्र, एकमेकांना चिकटून, समुद्राकडून जवळच्या बोगमाळो किनाऱ्यावरून आत वळताना दिसली की हातातलं काम थांबायचं. जगात नौदलाची अशी कसरत टीम म्हटली की लोकांना अमेरिकेची ब्लू एंजल्स आठवते, दुसरं नाव पटकन कोणी सांगू शकत नाही, आणि आमच्याकडे ती गच्चीवरून दिसत होती.

आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एक काकू राहायच्या, काका नौदलात विमानांचे टेक्निशियन. एअर शो म्हणजे काय हे मला काकांनी शिकवलं. ते म्हणायचे, वर बघणारे सगळे असतात, आम्ही सकाळी खाली बघत चालतो. म्हणजे काय, तर रनवेवर माणसं एका ओळीत उभी राहून खाली बघत चालतात, खडा, खिळा, वायसर, काहीही दिसलं की उचलायचं, कारण जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं आणि बोटाएवढा खिळा पुरे. रनवेवरच्या असल्या बारीकसारीक कचऱ्याला ते एफओडी म्हणायचे. मला ती ओळ फार आवडायची, म्हणजे मी ती कधी बघितली नाही पण डोळ्यासमोर यायची, पहाटे लाल मातीच्या पठारावर माणसं खाली मान घालून संथ चालतायत, पालखीच्या पुढे रस्ता झाडत जावं तशी.

आणि फॉर्मेशनचं, म्हणजे विमानांनी हवेत धरलेल्या रचनेचं सांगायचे. डायमंडमध्ये पुढे लीडर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन, आणि बरोबर मागे चौथा, त्याला बॉक्स म्हणतात किंवा स्लॉट. आपण खालून बघतो तेव्हा वाटतं की चौघंही लूप, म्हणजे हवेतली उभी गोल कोलांटी, मारतायत. तसं नसतं. लूप एकटा लीडर मारतो. बाकीचे तिघं फक्त लीडरकडे बघत असतात. त्याच्या विमानावरच्या ठरलेल्या दोन खुणा, पंखाचं टोक म्हणा किंवा एखादा लाइट, त्या एका रेषेत दिसत राहतील अशी स्वतःची जागा धरून ठेवायची, एवढंच. जमीन वर आहे की खाली, समुद्र कुठल्या बाजूला आहे, हे त्यांनी बघायचंच नाही. लीडर रेडिओवर बोलत असतो, वळतोय, ओढतोय, सोडतोय, ठरलेल्या लयीत, म्हणजे त्याच्या आवाजाच्या लांबीवरून हाताला कळतं किती आणि किती वेळ. माझा काका फोंड्याकडे आमच्या देवळाच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी काम करायचा. त्याला हे सांगितलं तर तो एकदम म्हणाला, म्हणजे भजनासारखं. मुख्य गाणारा ओळ उचलतो तेव्हा मागच्याने पखवाजाकडे बघायचं नाही की लोकांकडे बघायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं.

हा माझा काका म्हणजे तालमीचा माणूस. गोव्यात ज्याचं घर देवळाजवळ आहे त्याला हे सांगायला नको, जत्रेच्या आधी दोन-तीन महिने रात्री देवळाच्या चौकात तालीम चालते, दिवसभर नोकरी केलेली माणसं, कोणी बँकेत, कोणी खाणीवर, रात्री अकरापर्यंत तेच तेच वाक्य म्हणत असतात. आम्ही पोरं खांबाला टेकून बघत बसायचो आणि प्रयोगाच्या रात्री आम्हाला सगळं पाठ असायचं. काकाचं नेहमीचं वाक्य होतं, चूक काय ती इथे करा, तालीम त्यासाठीच असते.

माझ्या डोक्यात ते वाक्य बरीच वर्षं सागर पवनबरोबर घट्ट बसलेलं होतं. सराव बघताना मला वाटायचं, ही तालीम आहे, इथे चुकलं तर काय, परत करतील. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की या धंद्यात तालीम अशी नसतेच. १८ जानेवारी १९८२ ला अमेरिकेच्या थंडरबर्ड्स टीमची चार टी-३८ विमानं नेवाडाच्या वाळवंटात सराव करत होती, समोर प्रेक्षक कोणी नाहीत. एका ओळीत चौघं लूप मारून खाली येत होते, लीडरच्या विमानाचे कंट्रोल अडकले, त्याला वर ओढता आलं नाही, आणि बाकीचे तिघं, शिकवलं होतं तसं, लीडरकडे बघत होते. चारही विमानं जवळजवळ एकाच वेळी जमिनीत गेली. चौघंही गेले. मला हे वाचून कितीतरी दिवस झोप लागताना ती चार विमानं दिसायची. त्यांनी काही चूक केली नव्हती. त्यांनी नजर हलवली नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं तालीम केली तीच गोष्ट त्यांनी केली.

म्हणून असेल, पण या टीम्स विमानात बसण्याआधी जमिनीवर पूर्ण प्रयोग करतात. ब्लू एंजल्सचे पायलट टेबलाभोवती बसून डोळे मिटतात, लीडर उड्डाणातल्या सूचना त्याच आवाजात, त्याच वेळेत बोलतो आणि बाकीचे रिकाम्या हाताने नसलेली स्टिक हलवतात. फ्रान्सची पात्रुई द फ्रान्सही करते. मी याचा व्हिडिओ माझ्या नाटकवाल्या काकाला दाखवला होता. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, हे वाचन चाललंय.

हॅरिअरचं वेगळं होतं, ते एकटंच पुरायचं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन सी हॅरिअर इंग्लंडहून उडत दाबोळीला आली, अरुण प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली, जे पुढे नौदलप्रमुख झाले. आई सांगते की त्या वेळी लोक गच्च्यांवर चढून बघायचे कारण विमान हवेत थांबतं ही गोष्टच कोणाच्या डोक्यात बसत नव्हती. पेगासस इंजिनाला चार नोझल, दोन पुढे दोन मागे, ती फिरवली की मागे जाणारा झोत खाली जातो आणि विमान त्या झोतावर उभं राहतं. पण ते उभं राहणं फार महाग असतं. इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी सोडावं लागतं आणि विमानात बरोबर असलेलं पाणी साधारण दीड मिनिट पुरतं, त्यात परत आमच्याकडे हवा गरम, आणि गरम हवेत इंजिनाची ताकद कमी. म्हणजे खाली आम्ही टाळ्या वाजवत असताना वर त्या माणसाच्या डोळ्यासमोर सेकंद चाललेले असतात. एअर शोमध्ये हॅरिअर शेवटी प्रेक्षकांकडे तोंड करून थांबायचं आणि नाक खाली करून वाकायचं, नमस्कार करावा तसं. ते वाकणं मी एकदा बघितलंय, बाबांच्या खांद्यावर बसून, ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास कधीतरी. एवढ्या आवाजाची, एवढी तापट वस्तू आणि ती वाकली. बाबांनी नकळत हात जोडले होते आणि मी खांद्यावरून पडता पडता राहिले.

मे २०१६ मध्ये हंसावरच सी हॅरिअरला निरोप दिला. शेवटच्या उड्डाणात त्यांच्या बरोबरीने मिग-२९के लढाऊ विमानं होती, ज्यांनी त्यांची जागा घेतली. व्हाइट टायगर्स हे स्क्वाड्रनचं नाव तेच राहिलं, विमान बदललं. त्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, वाट्या आता वाजणार नाहीत. मिगने वाजतात खरं तर, पण वेगळ्या.

आजीच्या मोजण्याकडे परत येते.

मी एकदा तिला विचारलं होतं की तू मोजतेस का. तिने आधी काहीतरी सांगून टाळलं. मग म्हणाली, १९६१ च्या डिसेंबरात पहिल्यांदा विमानं आली तेव्हा मोजायला सुचलंच नाही. तेव्हा ती नुकती लग्न होऊन वास्कोला आली होती. १८ तारखेला सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीचा रनवे फोडला, पोर्तुगीजांना मदत येऊ नये म्हणून. सगळे घरात खाटेखाली, आवाज आणि धूळ, आणि मग शांत. ती म्हणाली, आमची विमानं होती, आमच्यासाठीच आली होती, पण कोणाचं पोर त्यात बसलंय आणि ते परत गेलं की नाही हे काही कळलं नाही. पुढे १९६४ मध्ये हंसा हा तळ इथे आला, विमानं रोजची झाली, आणि तिने मोजायला सुरुवात केली. नवस नव्हता, व्रत नव्हतं. भाजी निवडताना हात मोकळे नसतात पण डोकं मोकळं असतं, एवढंच ती म्हणाली.

१ ऑक्टोबर २००२. आयएल-३८ च्या स्क्वाड्रनला त्या दिवशी २५ वर्षं पूर्ण होत होती, त्यासाठी विमानं एकत्र उडत होती. मी अकरावीत, कॉलेजला जायची तयारी चाललेली. आजी बाल्कनीत. मला आवाज आठवतो तो धडक लागल्याचा नाही, आजीच्या हातातली परात पडल्याचा आठवतो. दोन आयएल-३८ हवेत एकमेकांना लागली आणि एअरपोर्टच्या आसपास कोसळली. दोन्ही विमानांतले १२ जण गेले, आणि खाली जमिनीवर असलेली माणसंही गेली. वास्कोत त्या दिवशी कोणी कोणाशी मोठ्याने बोललं नाही. खालच्या काकू जिन्यात बसून होत्या, काका आत तळावर, मोबाईल नव्हता, आणि जिन्यातून कोणाचीही चप्पल वाजली की त्या उठायच्या. काका रात्री आले. आजीने त्यांना दारात बघितलं आणि काही न बोलता आत जाऊन पेज गरम करायला ठेवली.

त्यानंतर मला वाटलं होतं ती मोजणं सोडेल. तिने सोडलं नाही. उलट पुढच्याच वर्षी सागर पवन आली आणि तिला रोज चार निळी विमानं मिळाली.

सात वर्षं चार गेली आणि चार आली. शो असला की टीम बाहेरगावी जायची, मग आजीचा हिशोब मोकळा राहायचा आणि ती परत येईपर्यंत वाट बघायची, हे आमच्या घरातलं कोणालाही वेगळं वाटत नव्हतं. ३ मार्च २०१० ला हैदराबादला बेगमपेटच्या एअर शोचा पहिला दिवस. चौघं वरून खाली येत वेगवेगळ्या दिशांना फुटतात ती कसरत, बॉम्ब बर्स्ट म्हणतात तिला, अनार फुटल्यासारखी. त्यातलं एक किरण सावरलं नाही आणि बोवेनपल्लीच्या वस्तीत एका इमारतीवर कोसळलं. कमांडर सुरेश कुमार मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर. आम्हाला त्यांची नावं त्या दिवशी टीव्हीवर कळली. एवढी वर्षं रोज सकाळी डोक्यावरून जाणारी माणसं, आणि नाव कळलं ते असं. आजी टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती, तिने बातमी पूर्ण ऐकली, आवाज बंद करायला लावला आणि म्हणाली, तीन येतील आता.

सागर पवन त्यानंतर थांबली. आजी २०१३ मध्ये गेली.

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये उघडलं, तिथे मी अजूनही वर्षातून एकदा तरी जाते. बाहेर उघड्यावर सी हॅरिअर आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे, आणि ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन, जे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, रानी ऑफ एलोरा, मग हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे आलं. पावसाळ्यात त्यांच्या पंखांवरून पाणी टपकत असतं आणि मुलं खाली उभी राहून फोटो काढतात. हॅरिअरच्या नोझलच्या आत हात घालता येईल इतकं जवळ जाता येतं. मी दरवेळी जाते आणि दरवेळी मला ते फार शांत वाटतं, आणि लगेच शेजारच्या रनवेवरून मिग उठतं.

तर येलहंका. वास्को-यशवंतपूर गाडीने गेले, रात्री दूधसागरच्या घाटातून, आणि मग धूळ, रांगा, टोप्या विकणारे. त्या वर्षी रशियाचं सु-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही लढाऊ विमानं एकाच शोमध्ये आली होती आणि लोक त्यासाठीच आलेले. सु-५७ ने जे केलं ते मी शब्दात सांगू शकत नाही, एवढं जड विमान हवेत जागच्या जागी पानासारखं फिरतं. माझ्या बाजूचा मुलगा ओरडून ओरडून घसा बसवून बसला. पण मी आले होते सूर्यकिरणसाठी. हवाई दलाची टीम, १९९६ मध्ये किरण विमानांवरच सुरू झाली, त्याच किरणवर जी आमच्याकडे निळी होती आणि त्यांच्याकडे लाल-पांढरी. २०११ मध्ये ती बंद केली कारण शिकाऊ पायलटांसाठी किरण कमी पडत होती, मग काही वर्षांनी हॉक या ट्रेनर विमानांवर परत उभी राहिली. नऊ विमानं. आणि याच येलहंकाला २०१९ मध्ये, शो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सरावातच, त्यांची दोन हॉक एकमेकांना लागली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्याच आकाशाखाली मी उभी होते.

नऊ विमानं आली, एकदम, आवाज मागून आला. पाच मीटरच्या आत पंखाला पंख. मी लीडरकडे बघत नव्हते, मी बाजूच्यांकडे बघत होते, त्यांच्या पंखांची टोकं सारखी किंचित हलत असतात, श्वास घेतल्यासारखी, खालून फोटोत ते कधीच येत नाही. लोकांना वाटतं ती एकमेकांना बांधलेली आहेत. ती बांधलेली नाहीत, नऊ माणसं प्रत्येक सेकंदाला जागा धरून आहेत, आणि ते हलणं म्हणजे तेच. मग दोन विमानांनी धुराने आकाशात मोठा बदाम काढला, लोकांनी मोबाईल वर केले. मग फुटली, वेगवेगळ्या दिशांना, आणि माझा श्वास अडकला तो अडकलाच. एक. दोन, तीन. उजवीकडून दोन. ढगाच्या कडेने एक. माझे ओठ हलत होते.

शो संपला, निवेदकाने टाळ्या मागितल्या, लोक खाण्याच्या स्टॉलकडे निघाले. मी तिथेच उभी राहिले. उन्हात. विमानं एकेक करून उतरायला लागली होती. माझ्यापासून थोड्या अंतरावर एक बाई उभ्या होत्या, साडीचा पदर डोक्यावर घेऊन, त्यांच्याही हातात मोबाईल नव्हता आणि त्यांची नजर रनवेच्या टोकाला होती. नववं टेकलं तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यांना कोणती भाषा येते मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. त्यांनी पदर खाली घेतला आणि त्या गेल्या.

मी आईला फोन लावला. मागे पदेराचा भोंगा वाजत होता, म्हणजे ती बाल्कनीत होती. कसा झाला, गर्दी होती का, ऊन लागलं का, तिने यातलं काही विचारलं नाही.

"कितीं गेली गो?"

"नऊ."

"सगळीं आयलीं मगो?"

"आयलीं."

"बरं. आता जेव."